लग्नाचा केक वर्षभर जपताना

लग्नसोहळ्यातील बहुतेक गोष्टी त्या दिवसाबरोबरच सरतात. मांडव उतरतो, फुले कोमेजतात, पंगती उठतात. उरतात ती छायाचित्रे आणि घडी घालून ठेवलेली वस्त्रे. परंतु त्या दिवसाची चवच पुढल्या एखाद्या मंगल दिवसासाठी राखून ठेवावी, अशी एक हृद्य प्रथा पाश्चात्त्य विवाहपरंपरेत आहे. केकचा सर्वांत वरचा मजला न कापता बाजूला काढायचा आणि लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी पतिपत्नीने तो एकत्र खायचा. वसई, मुंबई आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाच्या केकचे स्थान जुने आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांतूनही ही प्रथा आता परिचयाची झाली आहे, आणि शहरांतील स्वागतसमारंभांत केक कापणे तर सर्वच समाजांत रुळले आहे.

भावना म्हणून या प्रथेला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. प्रश्न आहे तो आरोग्याचा. लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी त्या केकभोवती कोण जमते, हे डोळ्यांसमोर आणावे. अनेकदा घरातील नवी सून गर्भवती असते किंवा नुकतीच बाळंत झालेली असते. आजी-आजोबा असतात, मधुमेहाचे पथ्य सांभाळणारे वडीलधारे असतात, भावंडांची लहान मुले असतात. अन्नविषबाधेचा त्रास ज्यांना सर्वाधिक होऊ शकतो, नेमकी तीच माणसे शकुन म्हणून त्या केकचा घास घेणार असतात. म्हणूनच तो कसा जपावा, किती जपावा आणि केव्हा त्याचा मोह सोडावा, हे नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथा आली कोठून?

विवाहात धान्याचा पदार्थ वाटून खाण्याची चाल फार प्राचीन आहे. प्राचीन रोममधील उच्चकुलीनांच्या एका विवाहविधीत वधूवर गव्हासारख्या धान्याची पोळी वाटून घेत असत. आज आपण पाहतो तो मजल्यांचा पांढराशुभ्र केक मात्र मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडने घडविला. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला, तेव्हाचा केक सुमारे तीनशे पौंड वजनाचा होता. त्याचे काही तुकडे अद्यापही जपून ठेवलेले आहेत. २०१६ साली त्यातील एक तुकडा लिलावात दीड हजार पौंडांना विकला गेला. अर्थात तो घेणाऱ्याने खाण्यासाठी घेतला नव्हता!

त्या काळी तीन मजल्यांचा हिशेब ठरलेला असे. खालचा मजला आलेल्या पाहुण्यांसाठी, मधला येऊ न शकलेल्या आप्तेष्टांना पाठविण्यासाठी आणि वरचा पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्यासाठी. आपल्याकडे लग्नाचे लाडू घरोघर पोहोचविण्यामागे जो भाव आहे, तोच मधल्या मजल्यामागे होता. ही चाल इंग्लंडात अजूनही जिवंत आहे. राजपुत्र विल्यम आणि केट यांचा विवाह एप्रिल २०११ मध्ये झाला. त्या केकचा राखून ठेवलेला मजला त्यांच्या पहिल्या मुलाच्या, म्हणजे जॉर्जच्या, बाप्तिस्म्याच्या दिवशी ऑक्टोबर २०१३ मध्ये कापण्यात आला. केक तेव्हा अडीच वर्षांचा झालेला होता.

जुना केक टिकत असे, कारण...

हे ऐकून आपणही आपला केक दोन वर्षे ठेवावा, असे कोणाला वाटले तर त्याने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो केक सुक्या फळांचा होता. बेदाणे, मनुका, संत्र्याच्या सालीचा पाक, लोणी, अंडी, भरपूर साखर आणि वर ब्रँडी किंवा रम, असा त्याचा घाट असतो. भाजून झाल्यावरही त्याला अधूनमधून मद्य पाजले जाते. नंतर त्यावर बदामाच्या मार्झिपानचा आणि त्याहीवर साखरेच्या कडक आयसिंगचा लेप चढतो. आपल्याकडील ख्रिस्ती घरांत मार्झिपानसाठी बदामाऐवजी काजू वापरतात, एवढाच फरक.

असा केक का टिकतो, हे आपल्या आजीला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसती. मुरांबा आणि गुळांबा वर्षभर टिकतात त्याचेच हे तत्त्व. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातील किती पाणी जंतूंना वापरता येते, हे महत्त्वाचे असते. साखर पाण्याला धरून ठेवते आणि जंतूंच्या वाट्याला ते येऊ देत नाही. शास्त्रज्ञ या उपलब्ध पाण्याचे मापन ० ते १ या मापावर करतात. शुद्ध पाण्याचा अंक १ असतो. हा अंक ०.८५ च्या खाली गेला की रोगकारक जिवाणूंची वाढ जवळजवळ थांबते. फळांचा मुरलेला केक साधारणपणे या मर्यादेखाली असतो. साधा मऊ स्पंज केक मात्र बराच ओलसर असतो, आणि त्यातील क्रीम व ताजी फळे तर जिवाणूंना आयते आमंत्रणच.

फळांच्या केकलाही मर्यादा आहे. बुरशी जिवाणूंहून चिवट असते. कमी पाण्यातही ती तग धरते. इंग्लंडच्या थंड कोठीत जो केक पत्र्याच्या डब्यात सुखाने राहत असे, तो वसईच्या किंवा गोव्याच्या पावसाळ्यात, भिंतींनाही ओल येते अशा दिवसांत, कपाटात ठेवून भागणार नाही. आपल्या हवेत वर्षभराची निश्चिंती हवी असेल तर फ्रीझरचाच आधार घ्यावा लागतो.

गोठविल्याने काय होते आणि काय होत नाही

फ्रीझरविषयी दोन टोकांचे गैरसमज आढळतात. एक म्हणजे गोठविलेले अन्न अपायकारकच असते आणि दुसरा म्हणजे फ्रीझरमध्ये सारे जंतू मरतात. दोन्ही चुकीचे आहेत. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला जिवाणूंची व बुरशीची वाढ थांबते. हे तापमान सतत राखले गेले तर पदार्थ सुरक्षिततेच्या दृष्टीने दीर्घकाळ जसाच्या तसा राहतो. परंतु त्यात आधीच असलेले अनेक जंतू मरत नाहीत. ते निद्रिस्त होतात आणि ऊब मिळताच पुन्हा जागे होतात. काही जिवाणूंनी आधीच निर्माण केलेले विष तर थंडीने नष्ट होत नाही आणि नंतर गरम केल्यानेही जात नाही. थोडक्यात, फ्रीझर काळ थांबवितो. मागे फिरवीत नाही.

गुणवत्तेचा प्रश्न निराळा आहे. फ्रीझरमध्येही दोन बदल संथपणे घडत राहतात. पहिला म्हणजे पृष्ठभागावरील बर्फाचे थेट वाफेत रूपांतर होऊन पदार्थ कोरडा पडतो. दुसरा म्हणजे स्निग्धांशाचा हवेशी संयोग होऊन त्याला खवट वास येऊ लागतो. २०१७ साली अंटार्क्टिकातील केप अडेअर येथे कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेच्या काळातील, सुमारे १०६ वर्षांपूर्वीचा, पत्र्याच्या डब्यातील फळांचा केक सापडला. डबा गंजला होता, पण केक जवळजवळ शाबूत होता. तरीही जवळ जाताच खवट लोण्याचा किंचित वास येत होता. अंटार्क्टिकाच्या थंडीत जे टळले नाही, ते आपल्या घरच्या फ्रीझरमध्येही टळणार नाही. म्हणून हवा दूर ठेवणे हाच केक जपण्याच्या कलेचा गाभा आहे.

खरी कसोटी पहिल्या दोन तासांची

वर्षभर टिकवायच्या केकचे भवितव्य वर्षभरात ठरत नाही. ते लग्नाच्या दिवशीच, पहिल्या दोन तासांत ठरते. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा जिवाणूंना मानवणारा आहे. नाशवंत पदार्थ या तापमानात दोन तासांहून अधिक राहू नये आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासाहून अधिक राहू नये, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. आता आपल्याकडील मे महिन्यातले स्वागतसमारंभ आठवा. केक संध्याकाळी सहाला येतो, आठला कापला जातो, अकरापर्यंत दिव्यांच्या झोतात उभा असतो आणि मध्यरात्री कोणीतरी उरलेला भाग खोक्यात घालून घरी नेतो. शिवाय वधूवर, करवल्या आणि मित्रमंडळी यांचे हात त्याला लागलेले असतात. असा क्रीमचा केक फ्रीझरमध्ये ठेवणे म्हणजे झालेला बिघाड जपून ठेवणे होय.

यावर अतिशय सोपा उपाय आहे. केकची मागणी नोंदवितानाच बेकरला त्याच मिश्रणाचा, त्याच चवीचा एक लहानसा वेगळा केक करण्यास सांगावे. तो समारंभाच्या मेजावर येऊच देऊ नये. बेकरीतून थेट घरच्या फ्रीझरमध्ये जावा. वरचाच मजला हवा असेल तर केक कापण्यापूर्वी, छायाचित्रे होताच तो उतरवून घ्यावा आणि ही जबाबदारी घरातील एका विश्वासू व्यक्तीकडे सोपवावी. लग्नघरात ‘सर्वांचे काम’ म्हणजे कोणाचेच नसते! आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. उंच केकचे काही मजले शोभेसाठी थर्माकोलचे असतात. वर्षभर जपलेला मजला तोच निघू नये.

कोणता केक गोठविण्याजोगा?

फळांचा केक सर्वांत उत्तम. त्याखालोखाल लोण्याचा, थोडा दाट घडणीचा केक. लोणी आणि पिठीसाखरेचे बटरक्रीम गोठणे चांगले सोसते. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘फ्रेश क्रीम’ म्हणतात, ते पुष्कळदा दुधाच्या सायीचे नसून वनस्पतिजन्य स्निग्धांशाचे फेटलेले मिश्रण असते. तेही गोठविता येते. खऱ्या दुधाच्या क्रीमला मात्र वितळताना पाणी सुटते. कस्टर्ड, ताजी फळे आणि क्रीम चीज यांचा पोत बिघडतो. फाँडंटचे आवरण गोठते, परंतु बाहेर काढल्यावर हवेतील बाष्प शोषून चिकट होते.

चवीच्या दृष्टीने साध्या स्पंज केकचे उत्तम दिवस दोन ते तीन महिन्यांचे. नीट बांधला असेल तर तो वर्षानंतर सुरक्षित असू शकतो, पण लग्नाच्या दिवशीची चव त्यात शोधू नये.

बांधणीची रीत

प्रथम केकवरील सर्व सजावट उतरवावी. ताजी फुले, तारा, आधाराच्या काड्या, बाहुल्या, सारे काढावे. फुलविक्रेत्याकडील फुलांवर फवारणी झालेली असते आणि कण्हेरीसारखी काही फुले तर मुळातच विषारी असतात. चमकीविषयीही सावध असावे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ साली वाढदिवसाच्या केकवरील चमकदार पूड पोटात जाऊन मुले आजारी पडली. तपासणीत त्या पुडीत तांब्याचे प्रमाण मोठे आढळले. वेष्टनावर ‘बिनविषारी’ लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ ‘खाण्यायोग्य’ असा होत नाही. घटक पदार्थांची यादी नसलेली चमकी केकवर नकोच.

त्यानंतर केक उघडाच फ्रीझरमध्ये काही तास किंवा रात्रभर ठेवावा, म्हणजे आयसिंग घट्ट होते आणि गुंडाळताना चिकटत नाही. मग क्लिंग फिल्मचे दोन-तीन वेढे हवा न कोंडता घट्ट द्यावेत. त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन वेढे द्यावेत आणि शेवटी केक हवाबंद डब्यात ठेवावा. फळांच्या केकला फॉइल थेट लावू नये, कारण फळांतील आम्लाने ते खराब होते. मध्ये बटर पेपर घालावा. ज्या खोक्यातून केक आला त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात तो ठेवण्याची चूक अनेकजण करतात. पुठ्ठा हवाही अडवीत नाही आणि वासही. कोकण-गोव्याकडील फ्रीझरमध्ये शेजारी सुरमई-बांगडे असतात, हे विसरून चालणार नाही! लोणी दुसऱ्याचा वास चटकन उचलते. डब्यावर तारीख आणि केकचा प्रकार ठळकपणे लिहावा.

अख्खा मजला ठेवण्याचा आग्रह नसेल तर दोन-चार तुकडे वेगवेगळे बांधून ठेवणे अधिक सोयीचे. ते लवकर गोठतात, लवकर वितळतात आणि लागेल तेवढेच बाहेर काढता येतात.

वर्षभराची राखण

फ्रीजवरील तारका पाहून गोंधळ होण्याचा संभव असतो. आपल्याकडे दर्शनी भागावर लावलेल्या तारका विजेच्या बचतीच्या असतात. बर्फाच्या कप्प्यावरील तारकांचा अर्थ वेगळा. एक तारका म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश. वर्षभराच्या साठवणीला तीन तारका हव्यात. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर साचतो आणि तो वारंवार वितळवावा लागतो, त्यामुळे असा फ्रीज या कामाला फारसा योग्य नाही. डबा दाराजवळ न ठेवता आत, खोलवर ठेवावा.

वीज गेल्यास दार उघडू नये. गच्च भरलेला फ्रीझर बंद दाराआड सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास गारवा धरून ठेवतो. आपल्या कडक उन्हाळ्यात हा अवधी कमीच धरावा. गावाला जाताना एक साधी युक्ती करावी. वाटीभर पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वाटीच्या तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे आणि केकचा मोह सोडावा.

बाहेर काढताना

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी केक वेष्टनासह फ्रीझरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. चोवीस तासांत तो हळूहळू वितळतो. वेष्टन लगेच सोडू नये, म्हणजे हवेतील दव केकवर न जमता वेष्टनावर जमते. खाण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर ठेवावा. क्रीमच्या केकला बाहेर अर्धा-पाऊण तास पुरे. वितळलेला केक पुन्हा गोठवू नये. बुरशीचा ठिपका, आंबट किंवा खवट वास, बुळबुळीतपणा यांपैकी काहीही आढळले तर तेवढा भाग कापून उरलेला खाण्याचा विचारही करू नये, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. उलट, दिसायला आणि वासाला चांगला म्हणजे निर्धोक, असेही नाही. रोगकारक जिवाणू पुष्कळदा कोणतीही खूण ठेवीत नाहीत. म्हणूनच पहिल्या दोन तासांचा हिशेब महत्त्वाचा.

कोणी जपावे?

गर्भवती स्त्रीने लग्नातून उरलेला क्रीमचा केक वर्षानंतर खाऊ नये. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या गारव्यातही वाढू शकतो आणि गर्भावस्थेत त्याचा संसर्ग गर्भपातापर्यंत जाऊ शकतो. रम किंवा ब्रँडी पाजलेल्या केकमध्ये भाजल्यानंतर घातलेले मद्य उरलेले असते. तो गर्भवतीला व लहान मुलांना देऊ नये, आणि यकृताचा विकार असलेल्यांना किंवा व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाही नको. मधुमेही व्यक्तीने ‘फळांचा केक’ या नावाला भुलू नये. सुकी फळे, साखर आणि मार्झिपान मिळून तो नेहमीच्या केकहून कमी गोड नसतो. ज्येष्ठांना आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना कसलीही शंका असलेला घास आग्रहाने भरवू नये. शकुनाचा घास नाकारला म्हणून कोणाचे अशुभ होत नाही. खराब घास खाल्ल्याने मात्र निश्चितच होऊ शकते.

मग ज्यांनी ही काळजी घेतलेली नाही आणि ज्यांच्या फ्रीझरमध्ये आज एक अनामिक खोके पडून आहे, त्यांनी काय करावे? समारंभात केक किती वेळ बाहेर होता, हे त्या रात्री तो घरी नेणाऱ्याला विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर केकचे एक छायाचित्र काढावे आणि तो निःसंकोचपणे टाकून द्यावा. वाढदिवशी त्याच बेकरकडून त्याच चवीचा लहानसा ताजा केक आणावा किंवा घरीच करावा. ज्या सुरीने लग्नात केक कापला होता तीच सुरी काढावी, तेच ताट घ्यावे.

जपायचे असते ते केकला नव्हे, तो ज्यांनी एकत्र कापला त्यांना. घरातील गर्भवती सून, म्हातारे आजोबा आणि धावती नातवंडे त्या संध्याकाळी निरोगी असतील, तर केक कालचा आहे की वर्षापूर्वीचा, याने आनंदात काही उणे पडत नाही.